जोडधंद्याची आर्थिक घडी आणि कायदेशीर चौकट

शेतीच्या अपुऱ्या उत्पन्नाला अथवा ठराविक वेतनाला हातभार लागावा म्हणून घरोघर काही ना काही जोडधंदा चालतो, हे महाराष्ट्राच्या ग्रामीण व निमशहरी भागातील नेहमीचे दृश्य होय. कोठे पापड-कुरडया, कोठे मसाला कांडप, कोठे शिवणयंत्र, कोठे पिठाची गिरणी, तर कोठे गोठ्यात दोन म्हशी. ह्यांपैकी बहुतेक धंदे शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या मागणीतून आणि कोणत्याही कागदावाचून सुरू होतात. जोवर माल थोडा, पैसा रोख आणि काम एकाच माणसाचे, तोवर ही कागदावाचूनची स्थिती फारशी बोचत नाही. पण तीन प्रसंगी ती एकदम उघडी पडते. माल प्रथमच उधारीवर दिला जातो तेव्हा, प्रथमच कर्ज काढले जाते तेव्हा आणि धंद्यात दुसरा भागीदार प्रथमच पैसे घालतो तेव्हा. ह्या तिन्ही प्रसंगी एकच प्रश्न निरनिराळ्या रूपाने उभा राहतो: हा धंदा नेमका कोणाचा, आणि तो बुडाला तर कोणाच्या मालमत्तेवर बेतणार?

हा प्रश्न ग्रामपंचायतीच्या कार्यालयात, शाळेच्या कट्ट्यावर किंवा तहसील कचेरीच्या आवारात सरपंचाला, गुरुजींना व ग्रामसेवकाला वारंवार विचारला जातो. त्यांना उत्तर देण्यास उपयोगी पडेल अशी माहिती येथे दिली आहे.

घरचा पैसा आणि धंद्याचा पैसा

कायद्याच्या आधी हिशेब. एक साधे उदाहरण घेऊ. एखादी गृहिणी घरी मसाला तयार करून तालुक्याच्या गावातील दुकानांना पुरविते, असे समजा. महिन्याला १८,००० रुपयांचा कच्चा माल लागतो आणि विक्री २६,००० रुपयांची होते. घरात सर्वांचा समज असा की, महिन्याला ८,००० रुपये सुटतात. आता पिशव्या व लेबले ह्यांचे १,४००, विजेचे ९०० आणि मालाच्या ने-आणीचे १,१०० रुपये वजा करावयास हवेत. कांडप यंत्र ६०,००० रुपयांचे असून ते पाच वर्षे चालेल असे धरले, तर दरमहा १,००० रुपये घसारा पडतो. हा खर्च खिशातून जाताना दिसत नाही, म्हणून तो कोणी धरीत नाही. तसाच दुसरा न दिसणारा खर्च म्हणजे त्या गृहिणीचे स्वतःचे श्रम. महिन्यातील वीस दिवस अर्धा-अर्धा दिवस काम आणि त्याची मजुरी दीडशे रुपये धरली, तरी ३,००० रुपये होतात. ह्या सर्व रकमांची बेरीज ७,४०० रुपये होते आणि ८,००० मधून ती वजा केल्यावर उरतात अवघे ६०० रुपये.

यंत्रासाठी १० टक्के पैसे स्वतःचे घालून ५४,००० रुपयांचे कर्ज १२ टक्के दराने काढले असेल, तर पहिल्या महिन्याचे व्याजच ५४० रुपये होते. म्हणजे नफा ६० रुपये! घसाऱ्याचे म्हणून बाजूला ठेवलेले १,००० रुपये मुद्दलाच्या हप्त्याकडे वळविता येतात, ही त्यातल्या त्यात समाधानाची गोष्ट. परंतु तेही खरोखर बाजूला ठेवले असतील तरच. घरी पाहुणे आले, मुलाच्या शाळेची फी भरावयाची आली, की ते त्याच डब्यातून जातात आणि हप्त्याच्या दिवशी धंदा तोट्यात असल्याचा बोभाटा होतो.

ह्या आकड्यांवरून तो धंदा करू नये असा अर्थ काढणे चुकीचे ठरेल. घरबसल्या ३,००० रुपये मजुरी मिळणे ही लहान गोष्ट नव्हे. मात्र हा धंदा आज मजुरी देत आहे, नफा नव्हे, हे ज्याला ठाऊक आहे तो भाव किती वाढवावा, कोणते गिऱ्हाईक सोडावे आणि ह्या धंद्याच्या जोरावर घर गहाण ठेवावे की नाही, ह्याचा विचार करू शकतो. ज्याने हिशेबच मांडला नाही, त्याला हा विचार करता येत नाही.

म्हणून पहिली पायरी ही की, धंद्याचे बँक खाते वेगळे असावे. प्रारंभी स्वतःच्या नावाचे दुसरे बचत खातेही पुरते. उलाढाल वाढू लागली म्हणजे धंद्याच्या नावाने चालू खाते उघडावे. त्यासाठी बँका धंदा अस्तित्वात असल्याचे पुरावे मागतात. पुढे उल्लेख केलेले उद्यम नोंदणी प्रमाणपत्र त्यांपैकी एक म्हणून चालते. अलीकडे बाजारात भाजीवाल्याच्या गाड्यावरही क्यूआर संकेताची पाटी असते. ही पाटी धंद्याच्या खात्याशी जोडलेली असावी, घरच्या खात्याशी नव्हे. एवढ्या एका गोष्टीने निम्मी वही आपोआप लिहिली जाते.

उरलेल्या निम्म्यासाठी रोजकीर्द पुरे आहे. डाव्या बाजूस जमा, उजव्या बाजूस नावे आणि रात्री शिल्लक. उधारीच्या गिऱ्हाइकांसाठी मागे खतावणीची चार पाने ठेवावीत. घरखर्चासाठी धंद्यातून पैसे उचलावयाचे झाल्यास ते महिन्याच्या ठरलेल्या तारखेस, ठरलेल्या रकमेने उचलावेत आणि 'मालकाची उचल' म्हणून वहीत मांडावेत. जुन्या व्यापारी पेढ्यांत ही शिस्त कटाक्षाने पाळली जाई. घरच्या माणसाने गल्ल्यातून चार आणे घेतले तरी ते त्याच्या नावे पडत.

खेळते भांडवल

कर्जाचा अर्ज करताना यंत्राची किंमत लिहिली जाते, पण खेळत्या भांडवलाचा रकाना बहुधा रिकामा राहतो. नवे धंदे अडचणीत येण्याचे हे एक मोठे कारण आहे. वरील उदाहरणात कच्चा माल, पिशव्या, वीज व वाहतूक मिळून दरमहा २१,४०० रुपये रोख लागतात. दुकानदार पंचेचाळीस दिवसांनी पैसे देत असेल, तर पहिला रुपया हाती पडण्यापूर्वी ३२,१०० रुपये गुंतलेले असतात. हा पैसा कोठून येणार, ह्याचे उत्तर आधी नसेल, तर ते पुढे सावकाराच्या ओट्यावर शोधावे लागते. बँकेकडून ह्यासाठी कॅश क्रेडिटची सोय मागता येते.

८ एप्रिल २०१५ रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री मुद्रा योजनेत ५०,००० रुपयांपर्यंतचे कर्ज 'शिशु', ५ लाखांपर्यंतचे 'किशोर' आणि १० लाखांपर्यंतचे 'तरुण' ह्या वर्गात मोडते. ज्यांनी 'तरुण' कर्ज नीट फेडले आहे, त्यांच्यासाठी २०२४ मध्ये २० लाखांपर्यंतचा नवा वर्ग जोडण्यात आला. सूक्ष्म व लघु उपक्रमांच्या १० लाखांपर्यंतच्या कर्जास बँकेने तारण मागावयाचे नाही, असे रिझर्व्ह बँकेच्या २०१० मधील सूचनेने ठरले. तारण नाही म्हणून परतफेड नाही, असा एक गैरसमज मात्र काही ठिकाणी रूढ झालेला दिसतो. मुद्रा हे कर्ज आहे, अनुदान नव्हे, हे अर्ज भरून देणाऱ्यानेच अर्जदाराला स्पष्ट सांगितलेले बरे.

धंदा कोणाचा?

एकट्याच्या मालकीचा धंदा हा सर्वांत सोपा प्रकार होय. त्याला स्थापनेचा असा वेगळा कायदा नाही. पण धंदा आणि मालक ह्यांत कायदा भेद करीत नाही, हे लक्षात ठेवावयास हवे. दुकानाच्या पाटीवर काहीही नाव असो, देणे थकले तर ते मालकाचे वैयक्तिक देणे असते आणि त्याची जबाबदारी धंद्यात घातलेल्या भांडवलापुरती मर्यादित राहत नाही. थोड्या जोखमीच्या धंद्यास तरीही हाच प्रकार योग्य.

दोघांनी मिळून धंदा करावयाचा ठरविला, की भागीदारी अधिनियम, १९३२ लागू होतो. येथे थोडे थांबणे आवश्यक आहे, कारण भाऊ-भाऊ, मित्र-मित्र किंवा दीर-भावजय ह्यांच्यात तोंडी भागीदारी इतकी सर्रास चालते की, आपण कायद्याच्या कक्षेत आलो आहोत ह्याची त्यांना जाणीवही नसते. लेखी करार नसला म्हणजे कायदा लागू होत नाही असे नव्हे. उलट, करार नसेल तेथे कायद्याने ठरवून दिलेल्या अटी लागू होतात. त्या अटी काय आहेत? एकाने दोन लाख रुपये घातले व दुसऱ्याने वीस हजार, तरी वेगळे ठरले नसल्यास नफा-तोटा दोघांत समसमान. एक भागीदार सकाळपासून रात्रीपर्यंत राबतो व दुसरा केवळ पैसे घालून बसतो, तरी वेगळे ठरले नसल्यास राबणाऱ्यास त्या कामाचा मोबदला मागता येत नाही. दोघांपैकी एक मरण पावल्यास भागीदारी संपुष्टात येते. आणि धनको संपूर्ण देणे दोघांपैकी कोणाही एकाकडून वसूल करू शकतो. ज्याच्याकडे शेत किंवा घर आहे, वसुली त्याच्याकडे वळते हे सांगावयास नको.

ह्या अटी ज्यांना मान्य नसतील त्यांनी आपल्या अटी लिहून काढाव्यात. भांडवल कोणी किती घातले, नफ्याची वाटणी कशी, काम करणाऱ्यास मासिक रक्कम किती, बँक खात्यावर सही कोणाची, कोणी बाहेर पडल्यास हिशेब कसा करावयाचा, एवढ्या गोष्टी मुद्रांकित कागदावर आल्या म्हणजे पुरे. कागद करणे म्हणजे अविश्वास दाखविणे, ही समजूत घरोघरी आढळते. वस्तुतः संबंध गोडीचे असतानाच कागद करणे शक्य असते. बिघडल्यावर तो होत नाही.

भागीदारीची नोंदणी सक्तीची नाही, हे खरे. तथापि अधिनियमाच्या कलम ६९ अन्वये नोंदणी नसलेल्या भागीदारी संस्थेला करारावरून उत्पन्न झालेल्या हक्कासाठी त्रयस्थाविरुद्ध दावा लावता येत नाही. म्हणजे दुकानदाराने ८०,००० रुपये बुडविले, तर नोंदणी नसलेली संस्था दिवाणी न्यायालयाच्या पायरीवरूनच परत फिरणार. उलट तो दुकानदार मात्र तिच्यावर दावा लावू शकतो. नोंदणी भागीदारी संस्थांच्या निबंधकाकडे होते. ती केव्हाही करता येते, पण दाव्यापूर्वी झालेली असली पाहिजे.

धंद्याची जबाबदारी मर्यादित ठेवण्यासाठी २००८ च्या अधिनियमाखाली मर्यादित दायित्व भागीदारी आणि कंपनी अधिनियम, २०१३ खाली एकल व्यक्ती कंपनी असे दोन मार्ग आहेत. ह्यांत संस्था ही मालकाहून वेगळी व्यक्ती ठरते. परंतु दरवर्षी विवरणपत्रे दाखल करणे बंधनकारक असते. एक रुपयाचीही विक्री झाली नाही तरी ती चुकत नाहीत आणि विलंब झाल्यास जादा शुल्क पडते. शिवाय लहान कंपनीस कर्ज देताना बँक संचालकाची वैयक्तिक हमी घेतेच, तेव्हा मर्यादित दायित्वाचा लाभ निदान त्या कर्जापुरता उरत नाही. महिना पंचवीस हजारांच्या विक्रीसाठी कंपनी काढण्याचा सल्ला कोणी देत असेल, तर त्या सल्ल्याची फी कोणाला मिळणार हे आधी पाहावे.

अनेकींनी मिळून करावयाच्या धंद्याचे गणित वेगळे आहे. गावोगावचे स्वयंसहायता बचत गट बँकेत खाते उघडू शकतात व कर्जही घेऊ शकतात; १९९२ पासून नाबार्डच्या पुढाकाराने ही जोडणी सुरू झाली. पण नोंदणी नसलेला गट ही कायद्याच्या दृष्टीने स्वतंत्र व्यक्ती नव्हे. त्यामुळे गटाच्या नावे जागा घेणे, मोठा पुरवठा करार करणे ह्यांत अडचण येते. उत्पादन वाढले की सहकारी संस्था किंवा उत्पादक कंपनी ह्यांचा विचार करावा. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० खाली संस्थेस निरनिराळ्या कुटुंबांतील किमान दहा व्यक्ती लागतात. दरवर्षी लेखापरीक्षण आणि ३० सप्टेंबरपूर्वी वार्षिक सर्वसाधारण सभा ही बंधने त्यासोबत येतात.

ह्या संदर्भात लिज्जत पापडाचे उदाहरण सर्वांच्या परिचयाचे असले, तरी त्याची कायदेशीर बाजू क्वचितच सांगितली जाते. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईत गिरगावातील सात गृहिणींनी ८० रुपये उसने घेऊन काम सुरू केले. संस्थेची नोंदणी झाली ती १९६६ मध्ये, सोसायटी नोंदणी अधिनियम, १८६० व मुंबई सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० ह्यांखाली. त्याच वर्षी खादी व ग्रामोद्योग आयोगाने तिला मान्यता दिली. म्हणजे काम आधी, चौकट नंतर. पण नफा-तोटा सर्व भगिनींचा, हे तत्त्व ठरलेले असल्याने पुढची चौकट त्याला अनुरूप निवडता आली.

नोंदणी, परवाने व कर

सूक्ष्म उपक्रमांसाठी उद्यम नोंदणी १ जुलै २०२० पासून सुरू आहे. ती आधार क्रमांकावर, स्वयंघोषणेने व विनामूल्य होते. शासकीय संकेतस्थळाशी मिळतीजुळती नावे घेऊन शुल्क उकळणारे मध्यस्थ पुष्कळ आहेत. त्यांच्यापासून अर्जदारास सावध करणे हे ग्रामपंचायतीच्या सेवा केंद्राचे काम आहे.

खाद्यपदार्थांचा धंदा असेल, तर अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, २००६ खाली नोंदणी किंवा परवाना हवा. घरच्या स्वयंपाकघरात तयार होणारा माल विकला, तरी त्यातून सुटका नाही. सीलबंद पुडक्यावर उत्पादकाचे नाव-पत्ता, निव्वळ वजन, महिना-वर्ष व सर्व करांसह कमाल किंमत छापणे २०११ च्या वैधमापन नियमांनुसार आवश्यक असून, वजनकाटाही पडताळणीच्या शिक्क्याचा असावा लागतो. घरगुती वीजजोडणीवर गिरणी किंवा कांडप यंत्र चालविण्यापूर्वी वीज वितरण कार्यालयात विचारून घ्यावे. अनधिकृत वापर ठरल्यास वीज अधिनियम, २००३ च्या कलम १२६ प्रमाणे दुप्पट दराने आकारणी होते.

वस्तू व सेवा कराची नोंदणी महाराष्ट्रात केवळ वस्तू विकणाऱ्यास वार्षिक उलाढाल ४० लाखांवर गेल्यास आणि सेवा देणाऱ्यास २० लाखांवर गेल्यास करावी लागते. परराज्यात माल पाठविणाऱ्यास मात्र, काही अपवाद वगळता, ही मर्यादा उपयोगी पडत नाही. बेळगाव किंवा सुरतेच्या व्यापाऱ्याची मागणी स्वीकारण्यापूर्वी सीमेलगतच्या गावांतील उत्पादकांनी हे ध्यानी घ्यावे.

आयकराबाबतचा एक समज दूर करणे आवश्यक आहे. शेतीचे उत्पन्न करमुक्त आहे, म्हणून शेतकऱ्याच्या गोठ्याचे व कोंबड्यांच्या खुराड्याचे उत्पन्नही करमुक्त, असे मानले जाते. दुग्धव्यवसाय व कुक्कुटपालन ह्यांचे उत्पन्न आयकराच्या दृष्टीने शेतीचे नसून धंद्याचे आहे. लहान व्यावसायिकास उलाढालीच्या ८ टक्के, आणि बँक किंवा डिजिटल मार्गाने आलेल्या रकमेवर ६ टक्के, नफा गृहीत धरून विवरणपत्र भरण्याची सोय आहे. वेतनधारकाने जोडधंदा केल्यास वेतनाचा नेहमीचा 'सहज' नमुना त्याला चालत नाही.

नोकरदार आणि पंचायत सदस्य

शासकीय कर्मचाऱ्याने पूर्वमंजुरीवाचून कोणताही व्यापार-धंदा प्रत्यक्ष वा अप्रत्यक्षपणे करता कामा नये, असे महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ सांगतात. जिल्हा परिषदेच्या सेवकांना १९६७ चे स्वतंत्र वर्तणूक नियम लागू आहेत. ह्यावर पत्नीच्या नावे धंदा काढण्याची पळवाट रूढ आहे. पत्नी स्वतः धंदा चालवीत असेल, तर तो तिचा हक्क आहे. त्याची माहिती कार्यालयास लेखी देऊन ठेवावी. परंतु नाव तिचे, सही गुरुजींची आणि खाते दोघांचे, अशी स्थिती असेल, तर तक्रार होताच चौकशी ठरलेली. अशा धंद्यात खाते, वही व व्यवहार खरोखर तिच्या हाती असावेत. हाच सल्ला केवळ नोकरी वाचविण्यासाठी नव्हे, तर त्या स्त्रीच्या हितासाठीही द्यावयास हवा, कारण कर्ज तिच्या नावे असते आणि फेडीची जबाबदारीही तिचीच.

पंचायत सदस्यांचा प्रश्न अधिक नाजूक आहे. ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १४ प्रमाणे पंचायतीच्या कामात किंवा पंचायतीशी झालेल्या करारात सदस्याचा स्वतः अथवा भागीदारामार्फत, प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष हितसंबंध असल्यास तो सदस्य राहण्यास अपात्र ठरतो. कायद्यात काही अपवाद आहेत. पण पंचायतीला दिवाबत्तीचे सामान पुरविणारे दुकान सदस्याच्या भागीदारीतील असेल, तर बिल दोन-चार हजारांचे असले तरी पद धोक्यात येऊ शकते. निवडणूक लढविण्यापूर्वीच आपल्या धंद्याची पंचायतीशी असलेली देवघेव तपासावी आणि शंका असल्यास गटविकास अधिकाऱ्याकडे लेखी विचारणा करावी.

अडकलेले येणे

लहान उत्पादकास सर्वाधिक छळते ती उधारी. सूक्ष्म, लघु व मध्यम उपक्रम विकास अधिनियम, २००६ ने ह्याबाबत दिलेला हक्क फार थोड्यांना ठाऊक आहे. सूक्ष्म किंवा लघु उत्पादकाचा माल घेणाऱ्याने लेखी ठरलेल्या मुदतीत पैसे द्यावयास हवेत आणि ही मुदत पंचेचाळीस दिवसांहून अधिक असू शकत नाही. काहीच ठरले नसेल, तर पंधरा दिवस. त्यापुढे रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने मासिक चक्रवाढ व्याज लागते. केवळ खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्यांना हा लाभ नाही. तक्रार राज्य शासनाच्या सूक्ष्म व लघु उपक्रम सुलभीकरण परिषदेकडे ऑनलाइन करता येते.

तिच्यासोबत तीन कागद जोडावे लागतात: माल पुरविण्यापूर्वीच्या तारखेचे उद्यम प्रमाणपत्र असणे हिताचे, दुसरे क्रमांक घातलेले बिल आणि तिसरी, माल मिळाल्याची सही असलेली पोच. बिलाचे पुस्तक छापखान्यात शे-दीडशे रुपयांत मिळते. पोचेवर दुकानदाराची सही व तारीख माल उतरवितानाच घ्यावी. गाडी परत फिरली की ती मिळत नाही, हा पुरवठादारांचा सार्वत्रिक अनुभव आहे.